आधी पाय काढणारे पेंटरकाका

पिंपरी कॅम्पात कापडाच्या दुकानावर, लोखंडी जिन्यानं वर गेलं की एक लांबडी खोली लागायची. तिथले पेंटरकाका. माझ्या मायचं तोंड आज आमच्या गावाकडच्या घरात भिंतीवर आहे, ते या एका माणसामुळं. बाकी मदत पुष्कळांनी केली. कुणी शिफ्ट बदलून दिली, कुणी गाडीवर सोडलं, त्या सगळ्यांचं माझ्या लक्षात आहे. पण आधी पेंटरकाका. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण नावात त्यांना स्वतःलाच फारसा रस नव्हता.

आर्टिस्ट म्हटलेलं त्यांना चालत नसे. "आर्टिस्ट मेल्यावर म्हणा, आता पेंटर म्हणा," असं सांगायचे. वय सत्तरच्या आसपास, अंगानं काटकुळे, केस खांद्यापर्यंत नाहीत की दाढी नाही. बघून वाटावं की पोस्टातून रिटायर झालेत. तीन-चार जुन्या कंपन्यांच्या ऑफिसात संस्थापकांची मोठी तैलचित्रं लागलेली आहेत ती त्यांच्या हातची, हे मला फार उशिरा कळलं.

शर्ट ते उलटा घालायचे. शिवण बाहेर, खिसा आत. रंग उलट्या बाजूला सांडावा आणि संध्याकाळी शर्ट सरळ करून माणसांत जाता यावं, असा विचार त्यामागं होता. पण संध्याकाळी सरळ करायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. तसेच चहाला जायचे, तसेच भाजीला. एकदा कुणाच्या तरी लग्नात तसेच गेले. मुलीच्या वडिलांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, तर म्हणाले, "जेवून झालं की बदलतो. आता हात खरकटे आहेत."

माणसांना ते पायातल्या वस्तूवरून हाक मारायचे. मी पहिल्यांदा गेलो तो फर्स्ट शिफ्ट संपवून थेट, कंपनीच्या बुटांत. तेव्हापासून मी 'सेफ्टी शूज'. खालचा कापडवाला 'मोजडी'. एक माजी नगरसेवक यायचे, ते 'पांढरी सँडल', आणि हे तोंडावर. नगरसेवक बिचारे हसून घ्यायचे, कारण त्यांचं चित्र मांडीपर्यंत आलेलं होतं आणि पुढचं अजून व्हायचं होतं.

आता हे मांडीपर्यंत काय ते सांगतो. चित्र काढताना बाकीचे लोक म्हणे डोक्याकडून किंवा सगळीकडून मिळून सुरुवात करतात. पेंटरकाका पायापासून करायचे. कॅनव्हासवर खाली आधी दोन पावलं, मग घोटे, धोतर असेल तर धोतर, पँट असेल तर पँट, गुडघे, हात. तोंड सगळ्यात शेवटी. ॲडव्हान्ससुद्धा पाय झाल्यावर. घरच्या माणसानं येऊन पाय बघायचे आणि 'हे आमच्याच माणसाचे' म्हणायचं, मग काका पुढं सरकणार.

"माणूस समोर बसला की सगळा जीव तोंडात आणून बसतो," ते म्हणायचे. "हनुवटी वर, पोट आत. तो माणूस नसतो, वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. पायाकडं त्याचं ध्यान नसतं. मी पाय काढतो, गुडघे काढतो, तोवर त्याला कंटाळा येतो. तोंडापर्यंत पोचतो तेव्हा कुठं तो घरी बसल्यासारखा बसलेला असतो."

त्यांचा पत्ता मला दिला तो चाकणच्या आमच्या रूममालकांनी. मालक तिथले मूळचे, जमिनीवर आता भाड्याच्या खोल्या आहेत आणि पुढं बंगला. पाण्याच्या मोटरीचं सांगायला म्हणून एकदा बंगल्यात गेलो, तर समोर भिंतीवर त्यांचे वडील. फेटा, सोन्याची चेन, आणि कपाळावर लिंबाएवढं आवाळू. मी बघतच राहिलो.

"हुबेहूब हाय का न्हाई?" मालक म्हणाले. "पर पेंटरनं जीव घेतला माजा. दोन म्हयन्यांनी बगाया गेलो, तर येवढ्या मोठ्या कापडावर नुसत्या दोन वहाणा. म्हटलं, पेंटर, म्हातारं ब्याऐंशीचं हाय, तुमी कंबरंपतूर येस्तवर टिकंल का?"

"मग?"

"मला म्हनला, त्यास्नी इचारा, घाई त्यास्नी हाय का तुमास्नी. म्हातारं तितंच बसलेलं, फिदीफिदी हसाया लागलं." मालकांनी चित्राकडं बोट केलं. "चेन नव्हती म्हाताऱ्याला कदी. म्हटलं घाला, तर घातली. मग म्हटलं, ते आवाळू तेवढं काढून टाका. तर न्हाई म्हनला. वाढवून दीन, काढून देनार न्हाई. लई भांडलो. आता वडील गेलं, तवा बहीन आली, त्या आवाळूला हात लावून रडली. काय बोलनार?"

मालकांचं हे शेवटचं मी ऐकलं, पण डोक्यात ठेवलं नाही. डोक्यात ठेवलं ते एवढंच, की रंगानं काढलेल्या चित्रात नसलेलं घालता येतं. मग असलेलं काढताही येत असेल. सगळेच पेंटर काही असे हट्टी नसतील, आणि हेच असले तरी मी हातापाया पडेन.

कारण माझ्या मायला कोड आहे. माझ्या जन्मानंतर उमटलं म्हणतात. आधी ओठाच्या कडेला, मग गाल, मान, हाताची बोटं. ते दुखत नाही, कुणाला लागत नाही, हे मला कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं. तोवर मीसुद्धा घाबरून होतो. हिंगोलीकडं आमच्या गावात माय हळदीकुंकवाला जायची ती सगळ्या जाऊन आल्यावर. फोटो म्हटलं की तिला चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं. बहिणीच्या लग्नाच्या अल्बमात ती एकाही पानावर नाही. एका फोटोत मांडवाच्या खांबाआड तिचा पदर तेवढा आहे.

मी आठवीतून शाळा सोडली आणि चार वर्षांनी चाकणला आलो. रात्री फोन वाजला की नंबर गावाकडचा आहे का, ते मी आधी बघायचो. त्यात आमच्या रूममधल्या एकाचे वडील वारले. त्यांचा दुसरा फोटो नव्हता म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून गावात फ्लेक्स लावला. त्यानं तो आम्हाला मोबाइलवर दाखवला आणि म्हणाला, "हे आमचे दादा नाहीत राव. हा कोण धरून आणलेला माणूस आहे."

मायचाही एकच फोटो होता, आधारचाच. त्या दिवसापासून मला झोप लागेना. माय आहे तोवर तिचं तोंड नीट कुठंतरी उतरून घ्यायचं, एवढी एकच गोष्ट डोक्यात राहिली.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा ती धान्य निवडत बसलेली असताना चोरून एक फोटो काढला. आल्यावर कंपनीत माझ्या लाइनवरच्या एका मित्रानं कसल्याशा ॲपमध्ये घालून तो साफ करून दिला. डाग गेले. माय गोरी, गुळगुळीत झाली. मला तो फोटो फार आवडला, हे आज सांगायला लाज वाटते. तो घेऊन मी पिंपरीला गेलो. जिन्याखालून दोनदा परत फिरलो. मोठ्या माणसाशी बोलायचं तर मी आधी वाक्य मनात म्हणून बघतो, आणि ते जमत नव्हतं.

पेंटरकाकांनी मोबाइल हातात घेतला, भिंग घेतलं, खिडकीशी गेले.

"कोण ही?"

"माझी माय."

"काय करते?"

"शेतात जाते. खुरपणीला, वेचणीला."

"हिच्या डोळ्याशेजारी एक सुरकुती नाही. नाकाची सावली नाही. ही बाई जन्मात उन्हात गेलेली नाही, सेफ्टी शूज. खरं बोल."

मी खरं बोललो. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, कोडाचं, अल्बमाचं, त्या आधारच्या फोटोचं. त्यांनी मोबाइल परत दिला.

"वाढवून देतो, काढून देत नाही. जा."

मी निघालो. अर्धा जिना उतरलो तोवर वरून आवाज आला. "माय आहे ना अजून?"

"आहे."

"मग फोटो कशाला आणलास? तिला आण."

"ती बसायची नाही काका. फोटोलाच बसत नाही."

"बसायला मी कुठं सांगतोय. येतं काय तिला?"

"वाकळ शिवते. गोधडी."

"मला गोधडी हवी आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

उन्हाळ्यात मला कावीळ झाली आणि माय भाकरीच्या पिठाचं गाठोडं घेऊन चाकणला आली. मी उठून कामाला लागलो तरी दीड-दोन महिने राहिली. गुरुवार आमच्या सुट्टीचा. पहिल्याच गुरुवारी तिला म्हटलं, पिंपरीला एक एकटे म्हातारे काका आहेत, त्यांना वाकळ हवी आहे. एवढंच सांगितलं.

माय दारात चपला काढून आत गेली. काकांनी तिच्या अनवाणी पायांकडं पाहिलं आणि तिला कुठलंच टोपणनाव ठेवलं नाही. शेवटपर्यंत 'बाई' म्हणाले. जुन्या चादरी, धोतरं, फाटके शर्ट असा ढीग समोर टाकला. ती खिडकीखाली पाय पसरून बसली, शर्ट उचलून बघितला.

"हे सगळे उलटे कामून धुतलेत?"

"उलटे घालतो."

"वाकळंला दोनी बाजू सारख्याच असत्यात. ती तरी उलटी पांघरू नका."

काका हसले. मग मला वाटलं होतं की ते गुपचूप काढायला लागतील. तसं केलं नाही. कॅनव्हास तिच्यासमोर उभा केला आणि विचारलं, "बाई, मी तुमचे पाय काढू का? नुसते पाय."

माय माझ्याकडं बघायला लागली. मी खाली बघायला लागलो.

"पायाचं काय काढायलात? नुसत्या भेगा हायत्या."

"भेगाच काढतो."

"काढा बापा. तुमचा रंग, तुमचं कापड."

असं ते सुरू झालं. दर गुरुवारी काका आधी विचारायचे. आज लुगड्याचा काठ, चालेल? आज गुडघ्यापर्यंत, चालेल? माय म्हणायची, काढा. दुपारी ती त्यांच्या स्टोव्हवर पिठलं करायची आणि त्यांना रागवायची, की ब्रश धुवायच्या साबणानं ताटं धुता का, तोंडात रंग गेला तर काय होईल. त्यांच्यावर ओरडणारं बहुतेक कुणी राहिलेलं नव्हतं. ते खाली मान घालून जेवायचे आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा त्याच साबणानं ताटं धुऊन ठेवलेली असायची.

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "आज हात?"

मायनं हात वाकळीखाली घेतले. बोटांवर पांढरं जास्त आहे तिच्या. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. काकांनी ब्रश ठेवला, खुर्ची खिडकीकडं फिरवली आणि रस्त्यावरची माणसं बघत बसले. अर्धा तास गेला असेल. शेवटी मायच म्हणाली, "हात आत ठिवून टाका कसा घालू मी?" आणि हात बाहेर काढून सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही लवकर जाईना. काका वळले आणि काढायला लागले.

पाचव्या गुरुवारी तोंड राहिलं. काकांनी विचारलं.

"तोंड नगं," माय म्हणाली.

"बरं."

त्यांनी खरंच ब्रश धुवायला घेतले. मला राहवलं नाही. "माय, एवढं झालंय, तोंडासाठीच तर..." एवढं बोललो आणि काका माझ्यावर खेकसले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला. "सेफ्टी शूज, तोंड तुझं नाही. गप बस."

मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. पाच गुरुवार, आणि मायचं तोंड नाहीच मिळणार. आत जावं, तिचे पाय धरावेत असं वाटत होतं, आणि काका ओरडतील ही भीती. मग मायचा आवाज आला. ती उठून कॅनव्हाससमोर उभी राहिली असावी.

"हे पाय माजेच हायत. हात बी माजेच." थोडं थांबून म्हणाली, "आन् ही मुंडकं नसलेली बाई घरी नेऊन काय करू ओ? लेकरं भियातील."

"पदर पुढं ओढलेला काढतो. तोंड दिसायचं नाही."

"पदर जल्मभर ओढला. आता कापडावर बी ओढू का?" ती परत जाऊन बसली, ते बांगड्यांवरून कळलं. "काढा. पर लवकर काढा, माझं मन फिरंल."

लवकर काढणं काकांच्या रक्तात नव्हतं. तो गुरुवार, पुढचा गुरुवार आणि त्याच्या पुढचा अर्धा. मायचं मन फिरलं नाही. ती त्यांना शेजारच्या बायकांच्या गोष्टी सांगत होती आणि सांगताना मान वर करून सांगत होती.

झालं तेव्हा काकांनी मला आत बोलावलं. चित्रात माय खिडकीखाली वाकळ शिवत बसली होती. वर बघून कुणाला तरी काहीतरी ठणकावून सांगायच्या बेतात, तोंड थोडं उघडं, गालावर पांढरं, ओठाच्या कडेला पांढरं. माझी माय. मला दिसेनासं झालं, मी डोळे पुसले. माय जवळ गेली. नाक लागेल एवढी जवळ गेली. बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, झाका हे.

"हे कमी काढलंय तुमी," ती म्हणाली.

"काय?"

"हितं." तिनं चित्राला हात लावला नाही. स्वतःच्या गालावर बोट ठेवलं आणि पांढऱ्याच्या कडेकडेनं फिरवत मागं नेलं. "कानापतूर हाय. तुमी निम्म्यातच सोडलं."

चार माणसांत तिनं स्वतःच्या त्या गालाला हात लावलेला मी त्याआधी पाहिलेला नव्हता. पेंटरकाका गोंधळले. चष्मा काढला, पुसला. "मोतीबिंदू आहे हो बाई. दिसलं नसेल."

"मंग डोळे दाखवा की दवाखान्यात. लोकाची तोंडं काढायलात आन् सोताचे डोळे बघंनात."

त्यांनी रंग पुन्हा काढले. नुसता पांढरा नाही, थोडा गुलाबी, थोडा पिवळा, मातीचा अगदी कणभर. माय बोट गालावर धरून उभी राहिली आणि ते तिच्या बोटामागून ब्रश नेत गेले, कानापर्यंत. "हां," ती म्हणाली. "आता बरोबर."

निघताना माय खाली उतरली होती, मी मागं होतो. काकांनी माझा दंड धरला. "मोतीबिंदू आहे, ते खोटं नाही. पण तेवढं दिसत होतं मला." मग हात सोडला. "आयुष्यात पहिल्यांदा असलेलं काढून दिलं, आणि बाईनं पकडलं."

चित्र वाळायला बरेच दिवस लागले. ते गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीत घालून मीच गावी नेलं. तैलचित्र म्हणजे गेलेल्या माणसाचं, अशी आमच्याकडं समजूत, त्यामुळं पहिल्या दिवशी शेजारच्या काकू हार घेऊन आल्या आणि दारात मायच उभी. मायनं हार ठेवून घेतला, देवाला घातला आणि काकूंना चहा पाजला. आता गावात कुणाच्या घरी पाहुणे आले की त्यांना ते चित्र बघायला आमच्याकडं आणतात. माय चित्राखाली उभी राहून सांगते, की पेंटरनं आधी कमी काढलं होतं, मी सांगितलं तेव्हा बरोबर केलं. भाच्याच्या बारशाचे फोटो आले, त्यात ती मध्ये बसलेली आहे, बाळ मांडीवर.

माझी कंपनी बदलली, तळेगावच्या बाजूला गेलो, तरी महिन्यातून एखादा गुरुवार पेंटरकाकांकडं जातो. डोळ्याचं त्यांनी अजून काही केलेलं नाही. विचारलं की म्हणतात, ऑपरेशन झाल्यावर रंग निळसर दिसतात असं ऐकलंय, मग अर्धं चित्र एका डोळ्यानं आणि अर्धं दुसऱ्या डोळ्यानं कसं काढू. हातातली सगळी चित्रं संपू देत. हातातली चित्रं कधीच संपत नाहीत, एक कमरेपर्यंत आलं की दुसऱ्याची पावलं सुरू होतात. खरं कारण मागच्या वेळी निघालं. दवाखान्यात फॉर्मवर सही करायला घरचं माणूस लागतं, ते त्यांना नाही, आणि हे ते कुणाला सांगायला गेले नव्हते.

माझ्यासारख्या माणसाकडून त्यांचं काय फिटणार, हे मला माहीत आहे. पण ती सही मी करणार आहे. ते हो म्हणतील त्या दिवशी, शिफ्ट कुठलीही असो, मी त्यांना रिक्षानं नेईन, बाहेर बाकावर बसेन, परत आणेन. डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असतात म्हणे, महिनाभर. मायला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, तू कामाला गेल्यावर कोण घालील, मला बोलाव, मी येते. तेव्हा दोन वेळचे मी घालीन आणि दोन वेळचे माय.